सुईच्या नाकांतून पाणी

पाणी गाळून प्यावें हें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं आपल्याला लहानपणापासून शिकविलें आहे. पावसाळ्याच्या आरंभीं नदीला गढूळ पाणी आलें म्हणजे हंड्याच्या तोंडाला चौघडी फडकें बांधून तें गाळतात. गाळ फडक्यावर राहतो आणि खालीं नितळ पाणी उतरतें. परंतु त्याच पाण्यांत मूठभर मीठ विरघळवून तें त्याच फडक्यांतून, किंवा वाटल्यास दहा फडक्यांतून, गाळून पाहा. खारटपणा तिळमात्र कमी होणार नाहीं. गाळाचा कण अडविणें सोपें, विरघळलेलें मीठ अडविणें कठीण. निर्गमाच्या १५ व्या अध्यायांत इस्राएल लोक मारा येथें पोहोंचले, तेव्हां त्यांच्यापुढें पाणी नव्हतें असें नाहीं. पाणी होतें, पण तें कडू होतें. आजच्या जगाची तहानही पुष्कळ अंशीं अशीच आहे. पृथ्वीवरील पाण्यापैकीं शेंकडा ९७ भाग समुद्रांत आहे, व तें पितां येत नाहीं.

गेल्या वीस वर्षांत वृत्तपत्रांतून अधूनमधून अशी बातमी येते कीं, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा पडदा सांपडला असून आतां समुद्राचें पाणी गोड करणें हा पोरखेळ होणार. विद्यार्थिमित्रहो, ह्या बातमींत सत्य आहे. परंतु प्रयोगांत सिद्ध झालें तें एक, आणि त्यावरून वाचक जें अनुमान काढतो तें दुसरें. ह्या दोहोंची फारकत करून दाखवावी एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पडदा पाण्याला वाट देतो आणि दुसऱ्या पदार्थाला अडवितो, हा अनुभव जुना आहे. फ्रान्समधील ॲबे नोले नांवाच्या धर्मोपदेशकानें १७४८ सालीं मद्यार्कानें भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाची कातडी ताणून बांधली व तें भांडें पाण्यांत बुडवून ठेविलें. कांहीं तासांनीं पाहतो तों कातडी टरारून फुगलेली. पाणी आंत शिरलें होतें. मद्यार्काला मात्र तितक्या सहजतेनें बाहेर पडतां आलें नव्हतें. ह्या क्रियेला परासरण म्हणतात. पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी आपण होऊन जातें, आणि तें थोपवावयाचें तर दाट बाजूवर दाब द्यावा लागतो. समुद्राच्या पाण्याच्या बाबतींत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारें २७ पट भरतो. त्याहून अधिक दाब दिला म्हणजे पाणी उलट चालूं लागतें, खाऱ्याकडून गोड्याकडे. घरोघरीं ज्या यंत्राला आपण ‘आर. ओ.’ म्हणतों त्याचें तत्त्व हेंच; त्या दोन अक्षरांचा अर्थ उलट परासरण.

हें तत्त्व व्यवहारांत उतरविण्याचें श्रेय लोब आणि सौरिराजन ह्या दोघांकडे जातें. त्यांपैकीं श्रीनिवास सौरिराजन हे भारतांत जन्मलेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेंत १९६० च्या सुमारास त्यांनीं सेल्युलोज ॲसिटेटचा एक पडदा तयार केला. त्याच्या एका अंगास अत्यंत पातळ व घट्ट साय, आणि तिच्याखालीं जाड सच्छिद्र आधार. १९६५ सालीं कॅलिफोर्नियांतील कोलिंगा ह्या गांवाला अशा पडद्यांनीं गोड केलेलें पाणी मिळूं लागलें. पुढें पॉलिअमाइड नांवाच्या पदार्थाची साय वापरांत आली, आणि आजचीं बहुतेक केंद्रें तिच्यावरच चालतात. ह्या सायीला फडक्यासारखीं सरळ भोकें नसतात. पाण्याचे रेणु तिच्या एका अंगानें आंत मुरतात, गुंतागुंतीच्या साखळ्यांमधून वाट काढीत सरकतात, आणि दुसऱ्या अंगानें बाहेर पडतात. मीठ जवळजवळ सगळें मागें राहतें. काम चोख, परंतु मंद. म्हणून दाब मोठा द्यावा लागतो आणि पडद्याचें क्षेत्रफळही पुष्कळ लागतें.

मग चाणाक्ष विद्यार्थी विचारील, पडद्याला नीट, सरळ, मिठाला अडवतील एवढींच बारीक भोकें कां पाडूं नयेत? ह्याचें उत्तर प्वाझय नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८४० च्या सुमारास देऊन ठेविलें आहे. शरीरांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विचार करीत असतां त्यानें बारीक कांचनळ्यांतून पाणी सोडून पाहिलें, आणि त्याला असें आढळलें कीं, दाब व लांबी तींच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाहीं, चतुर्थांशही होत नाहीं. तो एक-षोडशांश होतो. म्हणजे प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणें बदलतो. निम्म्या त्रिज्येचीं भोकें त्याच जागेंत चौपट मावतील हें खरें. तरीही एकंदर प्रवाह पूर्वीच्या चतुर्थांशच राहील. असें कां व्हावें? कारण नळीच्या भिंतीला लागून असलेला पाण्याचा थर भिंतीला धरून राहतो, त्याच्या शेजारचा थर त्यामुळें अडखळतो, आणि मोकळेपणानें धांवतें तें काय तें मधलें पाणी. नळी जसजशी अरुंद तसतसें सगळेंच पाणी भिंतीचें शेजारी होतें. ह्या हिशेबानें रेणूंच्या मापाची नळी म्हणजे जवळजवळ बुजलेली नळीच.

आतां ज्या नळीनें हा हिशेब उलटविला तिच्याकडे वळूं. तुमच्या पेन्सिलींतील शिसें हें वस्तुतः शिसें नसून ग्रॅफाइट, म्हणजे शुद्ध कार्बनच्या थरांची चळत आहे. प्रत्येक थरांत कार्बनचे अणु मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनांत मांडलेले असतात. असा एकच थर घेऊन त्याची विड्याच्या पानासारखी सुरळी केली आणि कडा बेमालूम जोडल्या, तर जी नळी होईल ती कार्बन नॅनोट्यूब. आपण तिला कर्बनलिका म्हणूं. रशियांतील दोन शास्त्रज्ञांनीं १९५२ सालींच कार्बनच्या पोकळ तंतूंचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं होतीं, पण जगाचें लक्ष वेधलें तें जपानांतील सुमिओ इजिमा ह्यांच्या १९९१ च्या लेखानें. त्यांच्या नलिका एकांत एक बसविलेल्या, पदरापदराच्या होत्या. एकपदरी नलिका १९९३ सालीं मिळाल्या. त्यांची रुंदी नॅनोमीटरांत मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग, आणि पाण्याचा एक रेणु त्याच्या पाव भागाहून थोडा मोठा.

कार्बनला पाण्याचें वावडें आहे. ग्रॅफाइटवर तें सहजीं पसरत नाहीं. तेव्हां एवढ्या अरुंद व पाण्याला नकोशा नळींत पाणी शिरणारच नाहीं, असें वाटणें स्वाभाविक होतें. २००१ सालीं हमर, रसाया आणि नोवोरिटा ह्या तिघांनीं सुमारें ०·८ नॅनोमीटर रुंदीची नलिका गणकयंत्रांत मांडून ती पाण्यांत ठेवली, आणि प्रत्येक रेणु कसा हलतो ह्याचा हिशेब केला. नलिका कोरडी राहिली नाहीं. पाण्याचे रेणु एकामागें एक असे रांगेनें तींत शिरले आणि विलक्षण वेगानें पार गेले. बाहेरच्या पाण्यांत प्रत्येक रेणूनें भोवतालच्या तीन-चार रेणूंचे हात धरलेले असतात. रांगेंत मात्र पुढच्याचा आणि मागच्याचा, असे दोनच हात धरावयाचे. भिंत कोणाचाच हात धरीत नाहीं. त्यामुळें सबंध रांग मण्यांच्या माळेसारखी एकदम सरकते. दाटीनें जिना उतरणारीं मुलें आणि रांगेनें उतरणारीं मुलें ह्यांच्या वेगांतील अंतर शाळेंतील कोणालाही ठाऊक आहे.

हें झालें कागदावरचें गणित. प्रत्यक्ष पडदा करणें फार अवघड होतें, व मला स्वतःला ह्या सर्व कथेंत हा भाग अत्यंत मनोहर वाटतो. अमेरिकेंतील केंटकी विद्यापीठांत हाइन्ड्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००४ सालीं पदरापदराच्या उभ्या नलिका पॉलिस्टायरीनमध्यें रोवून पडदा केला. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंत होल्ट, बकाजिन, नॉय प्रभृति मंडळींनीं २००६ सालीं त्याहून बारीक, दोन नॅनोमीटरांहून कमी रुंदीच्या नलिका घेतल्या. सिलिकनच्या चकतीवर भाताच्या रोपांसारख्या दाट व उभ्या अशा ह्या नलिका त्यांनीं वाढविल्या. त्यांच्यामधील फटी सिलिकन नायट्राइड ह्या कठीण पदार्थानें लिंपून टाकिल्या. आणि मग दोन्ही बाजूंचीं टोकें खरवडून नलिकांचीं तोंडें उघडीं केलीं. एका चौरस सेंटिमीटरांत अशीं अब्जावधि तोंडें. पडद्याची जाडी दोन ते तीन मायक्रोमीटर. म्हणजे नलिका बोटाएवढी रुंद कल्पिली तर तिची लांबी सुमारें वीस मीटर भरेल. पाणी लिंपणांतल्या फटींतूनच पाझरत नसेल कशावरून? हेंही त्यांनीं तपासून पाहिलें. १·३ नॅनोमीटरचा रंगाचा रेणु पडद्यांतून पार गेला, आणि दोन नॅनोमीटरचा सोन्याचा कण अडला. फट मोठी असती तर सोनें अडलें नसतें.

मोजणीचा निष्कर्ष असा आला कीं, नेहमींच्या नियमानें जितकें पाणी जावयास हवें त्याच्या हजारपटीहून अधिक पाणी गेलें. केंटकीच्या मंडळींनीं त्यापूर्वीं, २००५ सालीं, आपल्या सुमारें सात नॅनोमीटर रुंदीच्या नलिकांसाठीं दहा हजार ते लाख पटींचे आंकडे दिले होते. ह्या आंकड्यांवर पुढें बराच वाद झाला, आणि तो व्हावा हेंच योग्य. कारण पडद्यांतील किती नलिका खरोखर उघड्या आहेत हें नक्की ठाऊक नसेल तर भागाकार कशानें करावयाचा? हा पेंच पॅरिस येथील बोके ह्यांच्या मंडळींनीं २०१६ सालीं एकेका सुट्या नलिकेंतून पाणी सोडून सोडविला. त्यांना आढळलें कीं, भिंतीवरून पाणी खरोखरच घसरतें, आणि नलिका अरुंद तितकी घसरण अधिक. त्यांनीं तशाच घडणीच्या, पण कार्बनऐवजीं बोरॉन व नायट्रोजन ह्यांच्या अणूंच्या नलिकाही घेतल्या. तेच षट्कोन, तोच गुळगुळीतपणा; परंतु त्यांत पाणी घसरलें नाहीं. तेव्हां गुळगुळीतपणा एवढेंच कारण पुरेसें नाहीं. भिंतींतील इलेक्ट्रॉनांची वागणूकही पाहावी लागते, आणि तो अभ्यास अद्यापि चालू आहे.

वायूंची कथा थोडी निराळी आहे. अरुंद नळींत वायूचे रेणु एकमेकांवर आपटण्यापेक्षां भिंतीवरच अधिक आपटतात. खडबडीत भिंतीवर आपटलेला रेणु वाटेल त्या दिशेला, प्रसंगीं मागेंही, फेंकला जातो. डेन्मार्कचे क्नुडसेन ह्यांनीं १९०९ सालीं अशा प्रवाहाचें गणित बसविलें. कर्बनलिकेच्या भिंतीवरून मात्र रेणु, आरशावरून प्रकाशकिरण परतावा तसा, पुढच्या पुढेंच उसळतो. म्हणून लिव्हरमोरच्या पडद्यांतून वायु क्नुडसेनच्या हिशेबाच्या दहापटीहून अधिक वेगानें गेले. पण वेगानें जाणें म्हणजे वेगळें होणें नव्हे. हायड्रोजनचा रेणु सुमारें ०·२९ नॅनोमीटरचा, कर्बद्विप्राणिल वायूचा ०·३३, नायट्रोजनचा ०·३६. दीड नॅनोमीटरच्या दरवाजाला हे तिन्ही पाहुणे सारखेच. त्यांच्यांत निवड होते ती केवळ ग्रॅहमच्या नियमानें: हलका वायु जलद, जड वायु मंद, आणि वेगांचें प्रमाण रेणुभारांच्या वर्गमुळाच्या व्यस्त. हायड्रोजन आणि कर्बद्विप्राणिल ह्यांचे भार २ आणि ४४. म्हणून प्रमाण २२ चें वर्गमूळ, सुमारें ४·७. हें बरें आहे. परंतु भार जवळजवळ असले कीं हा नियम किती लंगडा पडतो हें दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं ओक रिज येथें दिसून आलें. युरेनियमच्या दोन प्रकारांच्या वायूंचे रेणुभार ३४९ आणि ३५२. प्रमाण अवघें १·००४३. तेवढ्या फरकासाठीं तोच वायु हजारों पडद्यांतून पुनःपुन्हा गाळावा लागला. कर्बनलिकांत एक जमेची बाजू अशी दिसली कीं, मिथेनसारखे कार्बनयुक्त वायु भिंतीला किंचित् चिकटून तिच्यावरून सरकतात, आणि ग्रॅहमच्या नियमानें अपेक्षित असतें त्याहून थोडे पुढें जातात. पण आकारानें निवड करावयाची तर याहून पुष्कळच अरुंद नलिका हव्यात.

मिठाचेंही तसेंच. सोडियमचा आयन स्वतः लहान आहे, पण तो पाण्यांत एकटा कधीं फिरत नाहीं. भोवतीं पाण्याच्या रेणूंचा लवाजमा घेऊन चालतो, आणि त्या लवाजम्यासह त्याची रुंदी सुमारें ०·७ नॅनोमीटर होते. सुईच्या नाकांतून जाऊं पाहणाऱ्या श्रीमंताप्रमाणें त्याला आपला परिवार बाहेर टाकावा लागेल, आणि तो टाकावयास तो सहजीं तयार नसतो. अरुंद नळी मीठ अडविते ती ह्यामुळें. पण दीड नॅनोमीटरच्या नळींतून तो लवाजम्यासकट डौलांत जाईल. २००८ सालीं लिव्हरमोरच्याच मंडळींनीं नलिकांच्या तोंडांशीं ऋण विद्युद्भार ठेवून कांहीं क्षार शेंकडा ९८ पर्यंत अडविले. मात्र द्रावण अगदीं पातळ असतांना. द्रावण दाट होतांच आयनांच्या गर्दींत तो विद्युद्भार झांकला जातो, आणि द्वारपाल निरुपयोगी होतो. समुद्राचें पाणी तर दाटच.

२०१७ सालीं ०·८ नॅनोमीटर रुंदीच्या, लांबीनें अगदीं आंखूड अशा नलिका मेदाच्या पातळ पापुद्र्यांत बसविण्यांत आल्या. हमर ह्यांच्या गणितांतली पाण्याची रांग येथें प्रत्यक्षांत उतरली. आपल्या मूत्रपिंडाच्या पेशींत पाण्यासाठीं खास दारें असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री ह्यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या दारांपेक्षांही ह्या नलिकांतून पाणी अधिक वेगानें गेलें, आणि क्लोराइडसारख्या ऋण आयनांना समुद्राहून दाट द्रावणांतही त्यांनीं वाट दिली नाहीं. म्हणजे अवश्य तेवढें अरुंद दार करतां येतें हें सिद्ध झालें.

परंतु एक दार आणि एक चौरस मीटर पडदा ह्यांत जें अंतर आहे, त्याचा विचार बातमीदार करीत नाहीं. येथें प्वाझयचा नियम पुन्हा आठवा. दहापट रुंद भोंकांतून दहा हजारपट पाणी जातें. कर्बनलिकांचा वेग जमेस धरिला तर हें प्रमाण बरेंच उतरेल, तरी तें मोठेंच राहील. तेव्हां हजारों निर्दोष नलिकांनीं गाळलेलें गोड पाणी एका फटींतून येणाऱ्या खाऱ्या पाण्यानें बिघडूं शकतें. अब्जावधि नलिका एकाच रुंदीच्या हव्यात, सर्वांचीं तोंडें उघडीं हवींत, आणि लिंपणांत एकही भेग नको. जुनी पॉलिअमाइडची साय मंद खरी, पण ती मैलोगणती लांब, अखंड व स्वस्त करतां येते. म्हणूनच ती अजून आपल्या जागेवर आहे.

दुसरा विचार शक्तीचा. समुद्राच्या १००० लिटर पाण्यांतून निम्मे पाणी गोड काढावयाचें ठरविलें, तर मिळणाऱ्या दर १००० लिटर गोड पाण्यामागें कमींत कमी सुमारें १·०६ युनिट वीज लागणारच. पडदा देवदूतांनीं विणलेला असला तरीही. कारण हा खर्च पडद्याच्या अडथळ्याचा नसून मीठ व पाणी वेगळें करण्याचा आहे. आजचीं चांगलीं केंद्रें, पाणी आणणें व स्वच्छ करणें हीं कामें धरून, ३ ते ४ युनिटें खर्चितात. मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनीं २०१४ सालीं हिशेब केला, त्याप्रमाणें तिप्पट पाझरणारा पडदा मिळाला तर समुद्राच्या पाण्यासाठीं शक्तीची बचत शेंकडा १५ च्या आसपास होईल. मचूळ पाण्यासाठीं मात्र तीच बचत शेंकडा ४६ पर्यंत जाते. मचूळ पाण्यांत मीठ थोडें, म्हणून त्याचा परासरणाचा दाबही थोडा. तेथें खरा खर्च पडद्याच्या अडथळ्याचाच असतो.

हा दुसरा आंकडा मला बातमींतील सर्व मथळ्यांहून अधिक मोलाचा वाटतो. विदर्भांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील विहिरींचें पाणी समुद्राइतकें खारें नाहीं. पण पिण्यास व पिकांस तें नकोसें आहे. जलद पडद्याचा लाभ व्हावयाचा तर तो मुंबईच्या किनाऱ्यापेक्षां अशा गांवांना अधिक होईल.

मीठ बाजूला ठेवून केवळ जंतु अडवावयाचे असतील तर काम पुष्कळ सोपें. वाराणसीच्या हिंदु विश्वविद्यालयांतील श्रीवास्तव ह्यांनीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह २००४ सालीं कर्बनलिकांचें एक पोकळ नळकांडें तयार केलें. त्यानें आंतड्यांतील जंतु तर अडविलेच, पण सुमारें २५ नॅनोमीटरचा पोलिओचा विषाणुही अडविला. आणि तें तापवून शुद्ध करून पुन्हा वापरतां आलें. एक शंका मात्र उरते. २००८ सालीं एडिंबरो येथील संशोधकांनीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत लांब, ताठ कर्बनलिकांचा परिणाम ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दिसला, व २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें त्यांचा एक प्रकार ‘कदाचित् कर्करोगकारक असूं शकेल’ अशा वर्गांत घातला. लिंपणांत घट्ट बसलेली नलिका निराळी आणि सुटून पाण्यांत आलेली निराळी; पण ती सुटत नाहीं ह्याची खात्री पडदा विकणारानें आधीं दिली पाहिजे.

ज्या विद्यार्थ्यांस पडद्याची ही करामत डोळ्यांनीं पाहावयाची असेल त्यांनीं एक कच्चें अंडें दोन दिवस व्हिनेगारांत ठेवावें. कवच विरघळून जाईल व आंतला पापुद्रा राहील. अंडें हलक्या हातानें धुवून, वजन करून साध्या पाण्यांत ठेवा, आणि दर दोन तासांनीं वजन लिहून आलेख काढा. अंडें फुगत जाईल. दुसरें तसेंच अंडें साखरेच्या दाट पाकांत ठेवा, तें सुरकुतेल. दोन्ही आलेख काढून झाल्यावर फुगलेलें अंडें बशींत ठेवून त्याला सुईचें एकच टोंचणें द्या, आणि तेवढ्या एका छिद्रांतून काय होतें तें पाहा. बशी खोलगट घ्यावी, आणि चेहरा जरा दूर ठेवावा.